दुसरं बारसं

१

आमच्या घरी जेवायला हाक मारायचं काम माझ्या सासूबाईंचं, झुंबरबाईंचं. भाकरी मी थापायची, कोरड्यास मी करायचं, पण शेवटची भाकरी टोपल्यात पडली की परसदाराशी उभं राहून हाक द्यायची ती त्यांनीच. आवाज असा खणखणीत की पारावर बसलेल्यांनासुद्धा कळायचं, झुंबरबाईकडं ताटं वाढली.

त्या दिवशीही दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. "गहिन्या! ये रं, ताट निवायलंय."

आणि लगेच जीभ चावली. कारण ज्याला बोलवायचं तो चुलीसमोर पाटावर येऊन बसलेलाच होता. शिवाय त्याचं नाव आता गहिनीनाथ नव्हतं. ते नाव घ्यायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. कसं आणि का, ते पुढं सांगते.

"सवय बाई, जाता जात न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि वळल्या.

तेवढ्यात मागच्या गोठ्यातून आवाज आला. "ओ... आलो गं."

माझ्या हातात भाकरी तशीच राहिली. गोठा रिकामा होता. दुष्काळ पडला तसे बैल आम्ही नेवाशाकडं, कालव्याच्या भागातल्या पाहुण्यांकडं धाडले होते. गोठ्यात होती पेरणीची एक मोडकी पाभर आणि दावणीची दोरखंडं.

मी पाटावरच्या माणसाकडं पाहिलं. तो मान खाली घालून भाकरी कुस्करत होता. त्याला ऐकू गेलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मीच विचारलं, "मीठ वाढू का?"

"वाढ," तो म्हणाला.

२

आमचं गाव पाथर्डीच्या डोंगराच्या पोटाशी. पाऊस कमी, दगड फार, म्हणून पोरं एक तर ऊसतोडीला जायची नाही तर पलटणीत. माझं लग्न पलटणीतल्या माणसाशी झालं. संसार किती झाला म्हणाल, तर दोन सुट्ट्या. त्यातही दिवसा मान वर करून नवऱ्याकडं बघायची पद्धत नाही, आणि रात्री दिवा लावायची नाही. चेहऱ्यापेक्षा मला यांचा आवाजच जास्त ठाऊक. संध्याकाळी हे गोठ्यात बैलांशी बोलत बसायचे, सासूबाई हाक मारायच्या, आणि उत्तर यायचं, "ओ... आलो गं." ते ऐकून मी ताटात पहिली भाकरी टाकायची.

एकाहत्तरच्या लढाईत तार आली, हरवला म्हणून. हरवला म्हणजे काय, हेच कुणाला कळेना. जत्रेत पोर हरवतं, रानात शेळी हरवते, बंदूक घेतलेला जवान माणूस हरवतो कसा? आमच्या शेजारच्या रंगुबाईचा नवरा दोन लढाया करून परत आला होता. ती म्हणाली, "हरावला म्हंजी मेला न्हाई. आन् हाय बी न्हाई." मी त्याच्या मधोमध अडकले. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाचा करंडा घेऊन यायच्या, माझ्यासमोर आल्या की त्यांचं बोट हवेतच थांबायचं. लावावं तरी पंचाईत, न लावावं तरी पंचाईत. मीच मग पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायची.

उन्हाळ्यात सरकारचा दुसरा कागद आला की माणूस गेला असं धरून चाला. त्या साली पाऊस पडलाच नाही. सासूबाईंच्या स्वप्नात लेक यायला लागला आणि पाणी मागायला लागला. गाव म्हणालं, ज्याचं काही केलं नाही त्याचा जीव असा कोरडा राहतो. म्हणून भादव्यात, हत्यारानं मेलेल्यांची असते त्या घात चतुर्दशीला, पाथर्डीच्या गुरुजींना बोलावलं. पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला यांचा सदरा घातला आणि कोरड्या नदीत त्याला अग्नी दिला. गहिनीनाथ या नावानं तिळाचं पाणी सोडलं. माझ्या बांगड्या रंगुबाईनं फोडल्या. ती रडत होती, मला रडू येत नव्हतं. मला सारखं वाटत होतं की हा सदरा मी नुकताच धुऊन ठेवला होता.

आणि मार्गशीर्षात तो परत आला.

पाकिस्तानात कैदेत होता म्हणे. नगरला रेल्वेनं, तिथून एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं पायी. मी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बायकांनी हातोडे टाकले आणि मला ओढत घरी आणलं. दारात गर्दी. डोकं भादरलेला, गालफडं बसलेला एक माणूस ओट्यावर बसला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "बघ गं मनकर्णा. त्योच हाय न्हवं?"

जणू मी सोनार आणि ते कसाला लावायचं सोनं! सासूबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत "वाळला गं माझा" म्हणत होत्या. आई म्हणते तर खरंच असणार. मी मान डोलावली.

३

गुरुजींना पुन्हा बोलावलं. त्यांनी पंचांग चाळलं. मग म्हणाले, ज्याचं क्रियाकर्म झालं तो तसाच घरात घेता येत नाही. त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा, पुन्हा बारसं करायचं, आणि बायको हवी तर तिच्याशी पुन्हा लग्न करायचं. जुनं नाव मात्र द्यायचं नाही. त्या नावानं पाणी सोडलंय, ते नाव आता याचं नाही.

"मंग कुनाचं?" रंगुबाईनं विचारलं.

"ज्याला पोचलं त्याचं," गुरुजी म्हणाले आणि चहा प्यायले.

मग आमच्या मधल्या घरात एका तीस वर्षांच्या माणसाचं बारसं झालं. सासूबाई मांडी घालून बसल्या, त्याला मांडीवर घेतलं, वरून गोधडी टाकली आणि थोड्या वेळानं काढली. झाला जन्म! पाळण्यात मावेना म्हणून नुसतं डोकं झोळीत ठेवलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. नाव ठेवायचा मान मावळणीचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. साळूबाई मावळण पुढं झाल्या, कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "कुर्रर्र... सहादेव!" बायकांनी रीतीप्रमाणं त्यांच्या पाठीत धपके घातले.

"बाळ रडलं न्हाई अजून," रंगुबाई म्हणाली. "रडल्याबिगर जल्म खरा न्हाई."

हे ती थट्टेनं म्हणाली. पण सहादेव रडायला लागला. सुरुवातीला नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग तो थांबेचना. बायकांचं हसू गेलं. एकेक जण सुंठवडा हातात घेऊन निघून गेली.

लग्नाचा मुहूर्त माघातला निघाला. तोवर त्यानं पुढच्या सोप्यात झोपायचं आणि मी सासूबाईंपाशी आत. त्याला अहोजाहो करावं की अरेतुरे, तेही मला कळेना. नात्यानं म्हणाल तर तो आमच्या घरातलं तान्हं पोर होता. मी त्याला सहादेव म्हणायला लागले. नवरा अजून व्हायचा होता, तेव्हा नाव घ्यायला हरकत नव्हती.

४

"ओ" आली ती बारशानंतर थोड्याच दिवसांनी.

मी लहानपणी शाळेत गेलेली बाई. भुताखेतांच्या गोष्टी ऐकाव्यात, पण घरी घेऊन येऊ नयेत, असं माझं मत होतं. मी विचार केला, गोठ्यामागं कोरडी विहीर आहे, तिच्यात आवाज घुमला असेल. दुसऱ्या दिवशी कुणी नसताना विहिरीच्या तोंडाशी जाऊन मी "रंगुबाई" अशी हाक मारली. विहिरीनं "रंगुबाई" परत दिलं. विहीर जे घेते तेच परत देते. हाक मारली की "ओ" देत नाही.

मग वाटलं, वाटेनं जाणारा कुणीतरी टवाळ असेल. पण सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. या वेळी चुकून नाही, मुद्दाम. मी बघत होते. त्या आधी सहादेवकडं वळल्या, तो पाटावर आहे याची खात्री केली, आणि मग परसदारातून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गहिन्या?"

"ओ... आलो गं."

तो लांबवलेला "ओ", मग जरा थांबून, बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणावं तसं "आलो गं". दुसऱ्या कुणाला ते तसं जमलं नसतं. माझा हात आपोआप टोपल्याकडं गेला आणि मी ताटात पहिली भाकरी टाकली. कुणाच्या ताटात टाकली, ते मला आज सांगता यायचं नाही.

मी कंदील घेऊन गोठ्यात गेले. कुणी नव्हतं. धूळ होती, धुळीत माझीच पावलं होती. गव्हाणीजवळची भिंत मात्र हाताला कोमट लागली. बाहेर पौषाची थंडी होती. दिवसभर ऊन लागलं असेल, मी म्हणाले. मग आठवलं, त्या भिंतीला ऊन लागतच नाही.

आपलंच डोकं फिरलंय का हे बघायला मी एका संध्याकाळी रंगुबाईला जात्याचा खुंटा ठोकायला म्हणून बोलावलं. सासूबाईंनी हाक मारली. गोठ्यातून उत्तर आलं. रंगुबाई खुंटा ठोकता ठोकता म्हणाली, "आज लवकर आला वाटतं गोठ्यातनं." मग तिनं मान वर केली. समोर सहादेव बसून सुतळी वळत होता. ती काम अर्धं टाकून उठली, आणि त्यानंतर दिवेलागणीला आमच्याकडं कधी आली नाही.

सहादेव म्हणून हाक मारली की गोठा गप्प असायचा. पाटावरचा माणूस तेवढा "जी" म्हणायचा, पलटणीतल्यासारखा. आई हाक मारते आणि लेक तिला "जी" म्हणतो. सासूबाईंच्या तोंडावरची रेघ न् रेघ तेव्हा ताठ व्हायची.

५

त्याचे पाय फार फुटले होते. कैदेत थंडीनं गेले, तो म्हणाला. कामाला सुट्टी होती तशा एका दुपारी मी आमसुलाचं तेल गरम करून त्याच्या टाचांना चोळायला बसले. सासूबाई सरकारी वाटपाची सुकडी आणायला गेल्या होत्या.

"मनकर्णा," तो म्हणाला.

मी दचकले. त्या घरातल्या कुणी मला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ए, सूनबाई, बस एवढंच. लग्नाच्या नवऱ्यानं दोन्ही सुट्ट्यांत मिळून एकदाही मारली नव्हती.

"तुला बी ऐकू येतंय न्हवं? गोठ्यातलं?"

"येतं," मी म्हणाले. "कोण आहे ते?"

त्यानं दाराकडं एकदा पाहून घेतलं. मग त्यानं सांगितलं, ते मी त्याच्याच शब्दांत लिहिते. माझे शब्द घातले तर मला अर्थ लावायचा मोह होईल.

"फाट्याव उतारलो. वाटंला कुनीच नव्हतं. थोडं चाललो तर माज्या फुडं येक मानूस. डावा खांदा पाडून चालत हुता, माज्यावानीच. म्या पाय उचालला का त्यो बी उचलायचा. वड्याला थांबलो, तर त्यो बी थांबला. मागं वळून बगितलं न्हाई त्यानं. गावात आल्याव त्यो आपल्या घरामागं वळला, गोठ्याकडं. म्या फुडनं आलो."

"मग हाक का मारली नाही?"

"काय म्हनून मारू?" तो म्हणाला. "तितं आमाला नंबरानं बोलवायचं. वरीसभर माजं नाव कुनी घेतलं न्हाई. भादव्यात येक दिस लई ताप आला. आंग निसतं जळाय लागलं. वाटलं, सुटलो, घरी आलो. ह्याच गोठ्यात बसलोय आन् आई जेवाया बोलिवती. डोळं उगाडलं तर तितंच. पर त्या दिसापासनं हलकं हलकंच वाटतंय बग. जे घरी आलं त्ये माघारी आलंच न्हाई."

मी तेल चोळायचं थांबवलं होतं. भादव्यातला कुठला दिवस, ते मी विचारलं नाही.

"मग तू कोण?" मी विचारलं. अरेतुरे झालं ते झालंच.

"मला तरी कुटं ठावं हाय," तो म्हणाला, आणि कसनुसा हसला. "तू सांगशील त्यो."

त्या दुपारी मला तो आवडला. उघडच सांगते, लाजायचं काय त्यात. गोठ्यातल्या आवाजाची मला ओढ होती, लग्नाची होती, सवयीची होती. पण माझ्याशी बोलला तो हा. हा खरा कोण, हे कळलं असतं तर मी सुटले असते. हाच माझा नवरा असेल तर गोठ्यातलं जे काही होतं त्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आणि नवरा गोठ्यात असेल, तर माघात मी कुणाला माळ घालणार होते? कुंकू लावायचं ते कुणाच्या नावाचं लावायचं? एवढंच मला हवं होतं, आणि तेच सांगणारं कुणी नव्हतं.

६

सासूबाई आता रोज गोठ्यात ताट ठेवायला लागल्या. दुष्काळाचे दिवस, घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी, तीही मोजून मापून. गोठ्यातल्या ताटातली भाकरी सहादेवच्या ताटातून जायची. तो उरलेल्यावरच हात धुवायचा. सकाळी ताट चाटूनपुसून स्वच्छ असायचं. कुत्रं असेल, मी म्हणायची. गावातली कुत्री दुष्काळात केव्हाच मेली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी ज्वारी निवडत होते, तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. इतक्या जवळ त्या कधी बसल्या नव्हत्या.

"उद्या बाया तुला नाव घ्याया लावत्याल," त्या म्हणाल्या. "माज्या लेकाचं घे."

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. मी म्हणाले, "आत्याबाई, ते नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"म्या रोज बोलिवते गं. आईच्या हाकंला गोठ्यापतूर येतुया. दाराच्या आत येत न्हाई. बायकूच्या तोंडानंच यील त्यो."

"आणि हा? हा कोण मग?"

"मला काय ठावं."

"तुम्हीच मांडीवर घेतलात की त्याला."

त्यांनी सुपातले खडे वेचायला सुरुवात केली.

"घेतला," त्या म्हणाल्या. "वझं लागलं न्हाई, मनकर्णा. निसती गोधडी मांडीव पडावी तसं. आईच्या मांडीला लेकराचं वझं कळतं. कुनाला सांगू म्या?"

आणि त्या रडल्या. सासू माझी खाष्ट, हे साऱ्या गावाला माहीत. पण त्या दिवशी मला त्यांची अशी कणव आली की मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सरकारनं लेक हरवला म्हणून सांगितलं, मग मेला म्हणून सांगितलं, मग परत दिला. आईनं तरी किती वेळा खरं मानायचं?

संध्याकाळी साळूबाई मावळण आल्या. त्यांनी मला परसात गाठलं आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या सहादेव म्हन, बाई. म्या ठिवलेलं नाव हाय. त्या पोराला आता तेवडं येकच हाय."

मी दोघींनाही हो म्हणाले.

७

लग्न दुपारीच लागलं, मधल्या घरात. वाजंत्री नाही, मांडव नाही. गुरुजी, मावळण, रंगुबाई आणि चार बायका. दोघींनी धोतराचा अंतरपाट धरला. माझी मान खाली, पदर कपाळावर. अंतरपाटाखालून मला फक्त समोरचे पाय दिसत होते. फुटलेल्या टाचा, भेगांत तेलाची चकाकी. मला बरं वाटलं. म्हटलं, हे पाय माझ्या ओळखीचे आहेत, बाकी काही का असेना.

"आंदी नाव घे," रंगुबाई म्हणाली. दिवसाउजेडी तिला धीर आला होता. "नाव घेतल्याबिगर अंतरपाट काडायचा न्हाई!"

बायका हसल्या. मी उखाणा नवा रचला नव्हता. दिवसभर खडी फोडून आल्यावर कुणाला सुचतो उखाणा? पहिल्या लग्नात उंबऱ्यावर घेतलेला होता, त्यातच नाव बदलायचं असं मी ठरवलं होतं. सहादेव. तोंडात नाव घोळवून ठेवलं होतं. आणि मी म्हणाले,

"वाटेवरच्या बाभळीला पिवळी पिवळी फुलं,
गहिनीनाथांचं नाव घेते, दार करा खुलं."

पाठ केलेलं होतं म्हणून तसंच बाहेर पडलं? की सासूबाईंचं बोलणं मनात होतं? की मलाच त्या आवाजाला एकदा आत घ्यायचं होतं? मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

मावळण "अगं बाई" म्हणाल्या. आणि मागं परसदाराची कडी निघाल्याचा आवाज आला. सासूबाई उठून दार उघडत होत्या.

"ओ... आलो गं."

पहिल्यांदा गोठ्यातून. मग अंगणातून, पावलांसकट. मग अगदी उंबऱ्याशी. गुरुजींनी घाईघाईनं मंगलाष्टकं सुरू केली. त्यांचा आवाज चिरका लागला होता. बायका अक्षता टाकायला लागल्या. त्यांना काय दिसत होतं, मला ठाऊक नाही. मी पुढं एकेकीला विचारलं. प्रत्येकीनं सांगितलं, आम्ही तांदळाकडं बघत होतो.

अंतरपाटाखाली ते तेल लावलेले पाय हलले. पाटाच्या कडेला सरकले. शेजारी जागा करून द्यावी तसे. मला ओरडायचं होतं, "नको, थांब." पण नवरीनं बोलायचं नसतं. दोन दुसरे पाय पाटावर चढले. धडधाकट, घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. क्षणभर चारही पाय माझ्यासमोर होते. मग फुटलेल्या टाचा पाटावरून खाली उतरल्या आणि परसदाराकडं गेल्या. हळू, दुखऱ्या पायांनी माणूस जातो तसं. कडी लागली.

"सावधान!" गुरुजी म्हणाले आणि अंतरपाट निघाला.

मी मान वर न करता हात वर केले. माळ गळ्यात पडली. ती कुणाच्या गळ्यात पडली ते मला पायांवरून कळलं होतं.

८

सगळे खूष झाले. इतकं सोपं होतं ते! माणूस तोच होता, नुसता अंगानं भरल्यासारखा दिसत होता. रंगुबाई म्हणाली, हळद लागली की तजेला येतोच. त्यानं गहिनीनाथ म्हटल्यावर ओ दिली, आईला "गं" म्हटलं, बैलांची चौकशी केली. जुन्या नावाची बंदी कुणी उठवली नाही, पण पाळलीही नाही. गाव त्या नावाला सरावलेलं होतं. सहादेव म्हणून कुणी होता, हे चार दिवसांत विसरलं गेलं. मावळणीनं तेवढं आमच्याकडं यायचं सोडलं.

लग्नाच्याच दिवशी, दिवेलागणीला, सासूबाईंनी हाक मारली. "गहिन्या! ये रं, ताट वाढलंय."

"ओ... आलो गं," तो माझ्यासमोर पाटावर बसूनच म्हणाला, आणि आईची थट्टा केली म्हणून मोठ्यानं हसला. सासूबाईही हसल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्यांना इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं. हे सारं माझ्यामुळं झालं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"सहादेवला..." मी म्हणाले. पुढं काय म्हणावं, कळेना.

"कोन सहादेव?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं. थट्टा नव्हती त्यात.

मी एक भाकरी पदराखाली घेतली, शेण टाकून येते म्हणाले आणि परसदाराची कडी काढली. शेण कुठलं, गोठ्यात जनावर नव्हतं. कुणी विचारलं नाही. अंगण ओलांडून मी गोठ्याच्या दाराशी उभी राहिले. आत काही दिसत नव्हतं. तेलाचा वास येत होता, आमसुलाच्या.

हाक मारली असती तर "जी" आलं असतं, याची मला खात्री होती. नाव अगदी जिभेवर आलं होतं. लग्न लागेपर्यंत मी ते किती वेळा खुशाल घेतलं. पण त्या संध्याकाळी माझ्यानं घेववलं नाही. भाकरी गव्हाणीत ठेवली, भिंतीला हात लावून पाहिला आणि परत फिरले.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. भाकरी मी रोज ठेवते. हाक मात्र एकदाही मारलेली नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं.